हळदीकुंकवात कोणी पहिलं येत नाही

वन्सं, तुमचा फोन अजून वाजतो. तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तरी तुमच्याकडे धावायला शिकणाऱ्या पोरींचे कोणी ना कोणी पालक रोज सकाळी फोन करतातच. "मॅडम, आज ग्राउंड है क्या?" विनय उचलतो. सख्खी बहीण गेली हे त्याच्या तोंडातून निघतच नाही. मग मी त्याच्या हातातून फोन घेते आणि म्हणते, "भाईसाब, मॅडम नहीं रहीं." समोरचा "अरे राम राम" करून ठेवून देतो आणि मला तुमचाच राग येतो. असं अर्ध्यावर टाकून जायचं होतं तर एवढ्या लोकांना नादी कशाला लावलंत?

शोकसभेत एका गृहस्थांनी तुम्हाला "मितभाषी आणि शांत स्वभावाच्या" म्हटलं. मी पदर तोंडात कोंबला. लोकांना वाटलं रडतेय. तुम्ही आणि मितभाषी! मैदानाच्या ह्या टोकाला तुम्ही नुसत्या खाकरलात तर त्या टोकाच्या पोरी धावायला लागायच्या. पदकं, सत्कार, किती मुली घडवल्या, ते सगळं त्या लोकांनी सांगून टाकलं, बरंच झालं. मला ते लिहायचं नाही. माझं तुमच्याशी एक भांडण अर्धं राहिलंय. जन्मभर पोरींना "रेस मध्येच सोडायची नाही" म्हणून दम देणारी बाई, आणि स्वतः काय केलंत?

मी सून होऊन छत्रीबागेत आले त्याच वर्षीची संक्रांत आठवते. सासूबाईंचं हळदीकुंकू. बायका ओळीने बसलेल्या, मी नवी नवरी म्हणून मध्यभागी, आणि तुम्ही आत तिळाच्या वड्या मोजत. लग्न केलेलं नाही, म्हणून सवाष्ण नाही. कुमारिका म्हणायला वय निघून गेलेलं. सासूबाईंना कळेचना तुम्हाला कुठे बसवायचं, म्हणून सरळ स्वयंपाकघरात बसवलं. तुम्ही वड्यांचं ताट घेऊन बाहेर आलात आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "आई, मी कुठल्या गटात?" मला फिस्सकन हसू आलं. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात. नणंदेची जी धास्ती माहेरून घेऊन आले होते ती तिथेच संपली.

पुढच्या वर्षीपासून तुमचं हळदीकुंकू ग्राउंडवर. सतरंज्या टाकून, धावपट्टीच्या कडेला. लग्न झालेल्या, न झालेल्या, सोडलेल्या, विधवा, सगळ्यांना कुंकू. वाण काय, तर सेफ्टी पिनांचं पाकीट, छातीवर नंबर लावायला. एका मुलीची आई मागे सरकली होती. "हमको नहीं लगाते, मॅडम." तुम्ही तिची हनुवटी धरून कुंकू लावलंत आणि म्हणालात, "मेरे ग्राउंड पे लगाते हैं." ती बाई किती रडली! मीही रडले. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ह्या पोरीला कुठल्याच नियमाचं काही नाही." चूक. तुम्हाला नियमांचं फार होतं, हे मला पुढे कळलं.

रेवा चालायच्या आधी धावली असं तुम्ही सगळ्यांना सांगत असायचात. थाप आहे ती. पण माझ्या लेकीचे पाय तुम्हीच आधी ओळखलेत हे खरं. "वर्षा, ही पोर मला दे," म्हणालात, आणि मी दिली. आठशे मीटर म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन चक्कर, बस, असं तुम्ही सांगितलंत. त्या दोन चकरांवर आमचं सगळं घर फिरायला लागेल हे नाही सांगितलंत.

तुमची एक पद्धत होती, तिच्यावरून आयांमध्ये फार कुजबुज व्हायची. प्रत्येक पोरीने पाळी आली की तुम्हाला येऊन सांगायचं, लाजायचं नाही. त्या दिवसांत तिचा सराव हलका. तुम्ही भर ग्राउंडवर ओरडायचात, "ए, तुझी येऊन गेली ना? मग चल, पूर्ण राउंड!" बाजूला उभे बाप लोक चपला बघत बसायचे. आणि रेवा दर वेळी सांगायची, "आत्या, माझी अजून नाही." तुम्ही म्हणायचात, धावणाऱ्या सडपातळ मुलींना उशीर होतो. मला बरं वाटायचं. आमच्याकडेही सगळ्यांना उशिराच येते, असं मीही चार जणींना ठोकून द्यायला लागले.

आणि घरात काय चाललं होतं? घरात कौतुक चाललं होतं. ऐन महालक्ष्म्यांच्या दिवशी हिची अडचण, तिची अडचण, कोणी गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलतेय, आणि आमची रेवा मात्र सदा सोवळ्यात. पुरण तिने वाटायचं, फुलोरा तिने बांधायचा, नैवेद्याचं ताट तिने उचलायचं. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "देवीची कृपा आहे पोरीवर. कधी म्हणून अडचण नाही." मीही हसायची. वन्सं, हे आमच्याच घरात होऊ जाणे. सोळा वर्षं उलटलेल्या पोरीला पाळी येत नाही, आणि आम्ही तिला डॉक्टरकडे न्यायचं सोडून देवीपुढे उभी करतोय, वर अभिमान मिरवतोय!

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या पंगतीत तुम्ही जेवता जेवता थांबलात. सासूबाईंचं ते कृपेचं वाक्य झालं आणि तुमचा घास तसाच राहिला. संध्याकाळी मला गच्चीवर बोलावलंत.

"एक सोनोग्राफी करून घेऊ. माझ्या ओळखीची डॉक्टर आहे पलासियाला. कोणाला कळणार नाही."

"कशाला? तुम्हीच तर म्हणता उशीर होतो."

"म्हणत होते. आता नाही म्हणत."

मी दोरीवरचे कपडे काढायला लागले. वाळले नव्हते तरी काढले.

त्याच सुमारास एक नवा नियम आला. तोही तुम्हीच गच्चीवर समजावून सांगितलात. बाहेरच्या मोठ्या स्पर्धांमध्ये मुलींच्या गटात धावायचं तर आयुष्यात एकदा टेस्ट द्यायची. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नाहीतर थोडं रक्त. पुरुषाच्या गुणसूत्रावरचा एक जीन त्यात शोधतात. नाही सापडला तर विषय संपला. सापडला तर पुढे आणखी तपासण्या, आणि बहुतेकींना तो गट बंद. काही मुली जन्मापासून मुलीच असतात, मुली म्हणूनच वाढतात आणि त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो, हे सांगताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. दोरीचे चिमटे काढून परत लावत होतात.

"म्हणजे तुम्हाला हा नियम पटतो?" मी विचारलं.

"रेघ हवी, हे पटतं. पोरींना ज्या तऱ्हेने कळतं ते नाही पटत."

"वा! छान!"

"तू चिडू नको, ऐक. मुलींचा गट वेगळा ठेवलाय म्हणून मी धावले. नाहीतर फायनलला एक तरी मुलगी दिसली असती का? ती रेघ पुसली तर सगळ्यात आधी आपल्याच पोरी घरी बसतील."

"आणि ती रेघ माझ्याच पोरीच्या अंगावरून गेली तर?"

तुम्ही आणखी एक चिमटा काढलात. मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, "हळदीकुंकवात साऱ्या जगाला बसवता. तिथे कोण सवाष्ण, कोण नाही, विचारत नाही. आणि इथे बरी रेघ सुचते!"

तुम्ही इतक्या थकलेल्या आवाजात बोललात की मला तो आवाज ओळखूच आला नाही. "हळदीकुंकवात कोणी पहिलं येत नाही गं, वर्षा."

वर्षभर मी ह्या वाक्याला उत्तर शोधतेय. भांडी घासताना, गाडी चालवताना. एकदा कृष्णपुऱ्याच्या पुलावर सिग्नल सुटला तरी मी तशीच उभी, मागून लोक "ओ मॅडम, सो गईं क्या!" ओरडतायत, आणि मी मनात तुमच्याशी भांडतेय. मला उत्तर सापडलं नाही. पण म्हणून तुम्ही बरोबर ठरलात असं मी अजूनही म्हणणार नाही. माझं लेकरू काही फसवून धावत नव्हतं. पहाटे उठून, उलट्या होईपर्यंत धावत होतं. त्या घामाला कुठल्या गटात घालायचं, ते सांगा ना!

तुम्हाला खुशबूचं लागून राहिलं होतं. कायम दुसरी येणारी खुशबू. "ती पोर रोज हिच्या पाठीकडे बघत धावते," तुम्ही म्हणायचात. "उद्या काही निघालं तर तिला मी काय सांगू? आणि नाही निघालं, तर आपण उगाच पोरीवर संशय घेतला म्हणून रेवाला काय तोंड दाखवू?"

"आधी आपल्या घरचं बघा," मी फटकारलं.

"घरचं आहे म्हणूनच झोप उडालीय माझी. परकी असती तर केव्हाच नेली असती डॉक्टरकडे."

हे वाक्य मात्र तुम्ही गेल्यावर मला जास्त टोचतं. आपल्या भाचीला जपायला तुम्ही तुमची पद्धत मोडलीत. माझ्यासाठी मोडलीत. मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण आभार मानले असते तर काय लपवतोय ते कबूल करावं लागलं असतं.

आपलं शेवटचं भांडण यंदाच्या महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशीचं. तुम्ही म्हणालात, "मोठ्या स्पर्धांच्या सराव कॅम्पला तिचं नाव लागणार. तिथे टेस्ट होणारच. कोणातरी परक्या माणसाच्या तोंडून, परक्या खोलीत तिला कळायला नको. तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"तुम्ही सांगितलंत तर याद राखा. पुन्हा ह्या घरात पाय ठेवू देणार नाही."

घर तुमच्या वडिलांचं, आणि मी तुम्हाला पाय ठेवू देणार नाही म्हणतेय! तुम्ही हसलात. "बरं बाई," म्हणालात आणि चिवड्यात शेव कालवून खात बसलात. पुढच्याच आठवड्यात धावपट्टीवर चुन्याच्या रेघा मारता मारता तुम्ही खाली बसलात. दुसऱ्या कोणी मारलेली रेघ तुम्हाला कधी सरळ दिसली नाही, सगळ्या स्वतःच मारायच्या. पोरींना वाटलं दमलात. डोक्यातली नस फुटली होती. दवाखान्यात मी तुमचा हात धरून बसले होते तेव्हा मनात एक घाण विचार येऊन गेला, तोही सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं. वाटलं, आता रेवाला कोणी सांगणार नाही. आणि लगेच वाटलं, अरे देवा, आता मलाच सांगावं लागणार.

तुमच्या दहाव्याच्या दिवशी तुमच्याच फोनवर कॅम्पचा निरोप आला. रेवाची निवड झालीय. येण्याआधी टेस्टचा नमुना द्यायचा. भटजी पिंडाला कावळा शिवायची वाट बघतायत आणि माझ्या हातात तो फोन. विनयला दाखवला. त्याने वाचला आणि म्हणाला, "ताई असती तर नाचली असती." त्याला काही माहीत नव्हतं. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो खाली बसला. कावळा शिवला, आणि मी मनात म्हटलं, झालं, ह्या सुटल्या, अडकले मी.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कॅम्पला गेलेली मुलगी अचानक परत आली की लोक बरोबर ओळखतात. नावं फुटतात, फोटो फिरतात, कोणीही उठतं आणि पोरीच्या अंगाबद्दल काहीही लिहितं. गल्लीतल्या बायका, सासूबाईंचं हृदय, उद्याचं लग्न, एकातून एक निघत जातं. सगळ्यात वाईट म्हणजे रेवा पाठमोरी उभी असली की माझी नजर तिच्या खांद्यांवर जाते. तिचा आवाज ऐकते, हनुवटी बघते. स्वतःच्या पोटच्या पोरीकडे असं बघतेय म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तेरावा झाल्यावर दुपारी सासूबाई झोपल्या तेव्हा तिला समोर बसवलं. सरळ सांगितलं. गोल गोल फिरवलं असतं तर तुम्ही वरून खेकसल्या असतात. पाळीचं, टेस्टचं, जीनचं, सगळं. कारणं बरीच असू शकतात, कदाचित काहीच नसेल, हेही.

ती पायाचं नख खरवडायला लागली. मग म्हणाली, "म्हणजे मी मुलगा आहे?"

"वेडी आहेस का? मुलगी आहेस तू. माझी मुलगी आहेस."

"मग टेस्ट काय बघते?"

"धावण्यापुरतं बघते," मी म्हटलं. मलाच ते पटलं नाही.

"आत्याला माहीत होतं?"

"शंका होती."

"आणि तुम्ही दोघी गच्चीवर मीटिंगा घेत होतात? माझ्याबद्दल? मला एकदा तरी विचारलं का कोणी?" तिचा आवाज चढला, आणि एकदम बसला. "मला वाटायचं मी लकी आहे. आजी म्हणायची ना."

मग ती रडली. तुम्ही गेल्यावर न रडलेली पोर, त्या दिवशी रडली. तुमच्यासाठी की स्वतःसाठी, मी विचारलं नाही. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "कॅम्पच्या आधी आपण करू. उद्याच जाऊ." तुमचंच वाक्य, वन्सं. तुम्ही वर्षभर हेच सांगत होतात आणि पोरीला एका दुपारी कळलं.

तुमच्या त्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. रेवाला बोलू दिलं, मला गप्प बसवलं. म्हणाल्या, "घबराइए मत, बहुत सी वजहें हो सकती हैं." घाबरू नका म्हटलं की मी जास्तच घाबरते. रक्त घेतलं. सोनोग्राफी उद्या, सोमवारी. रेवाने बाहेर येऊन दोन प्लेट पोहे खाल्ले. मी चहा तसाच ठेवून पैसे द्यायला उठले.

आज रविवार. सकाळी रेवाने मला उठवलं. "चल ग्राउंडवर. आत्याच्या जागी उभी राहा. घड्याळ धरायला कोणी नाहीये."

"मला कुठे येतं ते?"

"सुरू करायचं आणि थांबवायचं. एवढंच तर आहे."

पोरी आल्या होत्या, वन्सं. कोणी बोलावलं नव्हतं तरी आल्या होत्या. एकीने वाकड्यातिकड्या रेघा मारल्या होत्या. बघवल्या नसत्या तुम्हाला. खुशबू पाय ताणत बसली होती. तिने येऊन माझ्या पायाला हात लावला आणि मला तिच्या डोळ्यांत बघता येईना.

रेषेवर उभं राहायच्या आधी रेवा माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "आई, पूर्ण पळू ना?"

काय विचारतेय ते मला आधी कळलंच नाही. खुशबूच्या पुढे जाऊ की नको, असं विचारत होती ती. "पूर्ण पळ," मी म्हटलं. "जीव खाऊन पळ."

मी शिट्टी वाजवली, घड्याळ दाबलं. पहिली चक्कर दोघी जवळजवळ होत्या. दुसऱ्या चकरेच्या शेवटच्या वळणावर रेवा सुटली आणि मी लाजलज्जा सोडून किंचाळले. "चल गं माझी बाई! चल!" ती माझ्या समोरून गेली तसं घड्याळ दाबलं, आकडा बघितला, तिला दाखवायला हात वर करून नाचले. सोमवार विसरले, टेस्ट विसरले, तुम्ही गेलात हेसुद्धा विसरले.

मागून खुशबू आली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. धाप जरा बसल्यावर मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसत विचारलं, "आंटी, मेरा कितना आया?"

मी घड्याळाकडे बघितलं. ते मी रेवापाशीच थांबवलं होतं. खुशबूचा वेळ मी घेतलाच नव्हता. रेवाही माझ्याकडे बघत होती, खुशबूही. तुम्ही रोज दोघींचा कसा घेत होतात हो, वन्सं?